बाई हरवली नव्हती

लिलावांच्या कॅटलॉगमध्ये हल्ली एक शब्द फार बोकाळलाय. ‘पुनर्शोध’. अमुक फ्रेंच चित्रकर्तीचा पुनर्शोध, तमुक चित्राचा पुनर्शोध. खाली अंदाजी किंमत. मला हा शब्द खुपतो. छत्री हरवते, किल्ली हरवते आणि मग सापडते. जी बाई पॅरिसच्या भर सरकारी प्रदर्शनात, छापील यादीत, आपल्या नावानिशी चित्रं लावत होती, ती हरवली कशी? तिचं नाव कुणीतरी काढलं, त्या जागी दुसरं लावलं आणि त्या दुसऱ्या नावावर पैसे केले. ‘पुनर्शोध’ म्हटलं की हा ‘कुणीतरी’ अलगद सुटतो. हार मात्र शोधणाऱ्याच्या गळ्यात पडतो.

एका चित्राची हकिगत सांगते.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १८०१ सालचं एक चित्र आहे. उंची पाच फुटांच्या वर. पांढऱ्या झग्यातली एक तरुण मुलगी खिडकीला पाठ देऊन बसलीये. मांडीवर ड्रॉइंग बोर्ड, हातात लेखणी. उजेड मागून येतो, म्हणजे चेहरा खरं तर काळवंडायला हवा. पण कागदावरून परतलेला उजेड हनुवटीखालून वर चढतो आणि त्या उसन्या उजेडात चेहरा हळूहळू उमलत जातो. ज्यानं कधी खिडकीसमोर बसवून माणसाचा फोटो काढलाय, त्याला यातली अडचण ठाऊक असेल. चित्रकारानं सगळ्यांत अवघड जागा स्वतःहून निवडलीये. खिडकीची एक काच तडकलेली आहे. त्या काचेपलीकडे, लांब कठड्याशी, एक जोडपं उभं आहे. इतकं लहान की पहिल्यांदा नजरेतून सुटतं. आणि मुलगी आपल्याकडे बघते. टक लावून. तिच्या मांडीवरच्या कागदावर काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, पण आपलंच चित्र चाललंय हे कळतं.

मी त्या चित्रासमोर पाऊण तास उभी होते. त्यातली निदान दहा मिनिटं त्या तडकलेल्या काचेवर गेली. चित्राला त्या तड्याची काहीही गरज नाही. काच अख्खी रंगवली असती तर कुणी हिशेब मागितला नसता. पण समोर जे होतं ते तिनं ठेवलं.

तिनं. या ‘ति’चं खरं नाव पुन्हा लागायला १९५ वर्षं लागली.

१९१७ मध्ये आयझॅक फ्लेचर यांच्या मृत्युपत्रानुसार हे चित्र संग्रहालयाकडे आलं ते झाक-लुई दाविदचं म्हणून. दाविद म्हणजे फ्रेंच क्रांतीचा चित्रकार, खून झालेला क्रांतिकारक मारा रंगवणारा, नेपोलियनला आल्प्सवरच्या घोड्यावर बसवणारा. एवढं मोठं नाव लागल्यावर चित्राचं कौतुक आपोआप वाढलं. लोक त्यात थोर माणसाचा हात बघू लागले.

१९५१ च्या जानेवारीत चार्ल्स स्टर्लिंग या जाणकारानं संग्रहालयाच्याच पत्रिकेत लेख लिहिला. मुद्दा साधा होता. पॅरिसच्या १८०१ च्या सरकारी प्रदर्शनाचं मोंसाल्दीनं केलेलं एक कोरीव चित्र उपलब्ध आहे. त्यात भिंतीच्या भिंती चित्रांनी भरलेल्या, प्रत्येक चित्र नखाएवढं. त्या नखाएवढ्या चित्रांत ही खिडकीतली मुलगी आहे. आणि दाविदनं त्या वर्षी प्रदर्शनात भागच घेतला नव्हता. विषय संपला. चित्र दाविदचं असूच शकत नाही. हे शोधकाम अव्वल दर्जाचं, त्याबद्दल स्टर्लिंगना मानलं पाहिजे. त्यांनी कोन्स्तांस शार्पांतिये या चित्रकर्तीचं नाव सुचवलं.

पण त्याच लेखात पुढे काय झालं बघा. चित्र बाईचं असावं असं म्हणताच स्टर्लिंगना त्यात हुशारीनं झाकलेले दोष दिसू लागले. चित्रातली कविता चित्रकलेपेक्षा साहित्याकडे झुकणारी वाटू लागली. या सगळ्यातून स्त्रीचा स्वभाव डोकावतो, असा निकाल त्यांनी दिला. कॅनव्हास तोच. रंगाचा एक कण इकडचा तिकडे झाला नव्हता. चौतीस वर्षं जे दोष कुणालाही दिसले नाहीत, ते नाव बदलल्याबरोबर रांगेनं उभे राहिले. चित्र बघायला डोळे लागतात म्हणतात. इथे आधी पाटी वाचली गेली आणि डोळे तिच्या मागून आले.

शार्पांतियेचं नावही टिकलं नाही. १९९६ मध्ये मार्गारेट ऑपनहायमर या अभ्यासक बाईंनी कागदपत्रं आणि इतर चित्रं ताडून दाखवून दिलं की हे काम मारी-दनीज व्हिलेर हिचं. जन्म १७७४, मृत्यू १८२१. माहेरची लम्वान, घरातली हाक निझा. चित्रकार जिरोदेची शिष्या, एका वास्तुविशारदाची बायको. थोरली बहीण मारी-व्हिक्त्वार लम्वान हीही चित्रकार. आज संग्रहालयाच्या पाटीवर व्हिलेरचं नाव आहे. लुव्रमध्ये तिचं आणखी एक चित्र आहे, १८०२ चं: एक बाई वाकून पायातल्या चपलेची फीत बांधतेय. बस. पक्क्या खात्रीनं तिची म्हणावीत अशी चित्रं फार थोडी. हा हात ज्या माणसाचा होता, त्यानं आयुष्यात चारच चित्रं काढली असतील का? बाकीची कुठे आहेत? कुणाच्या नावाखाली?

इथे नावाचा प्रश्न मुळापासून बघायला हवा. मारी-व्हिक्त्वारनं लग्न केलं नाही. जन्मापासून मरेपर्यंत एकच आडनाव, त्यामुळे तिचा माग काढणं त्यातल्या त्यात सोपं. धाकटी मात्र कधी लम्वान, कधी व्हिलेर, कधी निझा. चित्रकर्ती आदेलाईद लाबियची गियार झाली, नवऱ्यापासून वेगळी झाली आणि १८०० मध्ये पुन्हा लग्न करून मादाम व्हँसां झाली. चित्रकर्ती मारी किव्होरोनची ब्राकमों झाली. एकाच हातानं काढलेली चित्रं तीन नावांच्या तीन गठ्ठ्यांत विभागली जातात, आणि प्रत्येक गठ्ठा इतका लहान दिसतो की किरकोळ म्हणून बाजूला पडतो. तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून सुनेचं पाळण्यातलं नाव बदलणाऱ्या घरांत आपण वाढलोय. हे नुकसान कसं होतं ते आपल्याला निराळं समजावून सांगायला नको.

पुरुष चित्रकाराचं आडनाव जन्मभर त्याच्याबरोबर चालतं. त्याचा गठ्ठा आपोआप बांधला जातो. बाईचा गठ्ठा बांधायला कुणालातरी नोटरींच्या दप्तरांत बसावं लागतं. फ्रान्समध्ये माणूस मेला की पुष्कळदा नोटरी घरातल्या वस्तूंची यादी करी, खोलीनुसार, भांड्याकुंड्यांसकट. पॅरिसमधल्या अशा याद्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेल्या आहेत. ‘झोपायच्या खोलीत, तसबीर, एक तरुण मुलगी, चौकट सोनेरी’ एवढ्या एका ओळीवर वर्षभराचं काम उभं राहतं. प्रदर्शनांच्या छापील याद्यांमध्येही बाईच्या चित्राला बहुतेकदा ‘एका स्त्रीचं चित्र’ इतकंच नाव. तुम्हीच शोधा, कुठली स्त्री.

आणि नाव ठळक असलं तरी कामाचं श्रेय मिळेलच असं नाही. आदेलाईद लाबिय-गियारला ३१ मे १७८३ रोजी राजाच्या कला अकादमीत प्रवेश मिळाला. त्याच दिवशी एलिझाबेथ व्हिजे ल ब्रँलाही. अकादमीत स्त्रिया जास्तीत जास्त चार, हा नियम. लाबिय-गियारची चित्रं खरं म्हणजे चित्रकार व्हँसां हातावेगळी करून देतो अशी कुजबुज होती. तिनं काय करावं? अकादमीच्या एकेका सभासदाला बोलावलं आणि समोर बसवून त्याचंच चित्र काढलं. बघा माझा हात चालताना. कुठल्याही पुरुष चित्रकाराला आपला हात आपलाच आहे हे असं दारोदार सिद्ध करावं लागलं नाही. तिनं ते केलं, आणि प्रवेश मिळवला, तरी त्याच वर्षी तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारं चोपडं निघालंच.

कोन्स्तांस मायेरची गोष्ट याहून वाईट. ती आणि चित्रकार प्रुदों एकत्र काम करायचे. पुष्कळदा तो कच्ची रेखाटनं करी, चित्र ती रंगवी. १८०६ च्या प्रदर्शनात तिनं निजलेल्या व्हीनसचं चित्र लावलं, स्वतःच्या नावानं. सम्राज्ञी जोझेफीननं ते घेतलं. पुढे तेच चित्र प्रुदोंचं म्हणून बाजारात फिरलं, आणि लॉर्ड हर्टफर्डनं ते प्रुदोंचं म्हणूनच विकत घेतलं. आज ते लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये आहे. मायेरनं १८२१ मध्ये प्रुदोंच्या वस्तऱ्यानं आयुष्य संपवलं. ज्या वर्षी व्हिलेर गेली त्याच वर्षी. पुढच्या वर्षी प्रुदोंनं तिच्या चित्रांचं प्रदर्शन मांडलं, त्याच्या पुढच्या वर्षी तोही गेला. त्यानं तिचं नाव पुसलं असं मी म्हणणार नाही. पुसलं ते बाजारानं, कारण प्रुदोंला भाव होता.

भाव. सगळं इथेच येऊन ठेपतं.

फ्रान्समध्ये १९८१ चा एक सरकारी हुकूम आहे. लिलावाच्या यादीत कुठला शब्द लिहिला की विकणाऱ्यावर काय जबाबदारी येते, ते त्यात ठरवून दिलंय. चित्रापुढे चित्रकाराचं नाव सरळ लिहिलं की हमी पक्की. ‘अमुकचं असावं’ म्हटलं तर काळ तोच आणि तर्क सबळ, इतकी हमी. ‘अमुकच्या कार्यशाळेतलं’ म्हणजे त्याच्या देखरेखीखाली झालेलं. ‘अमुकच्या धाटणीचं’ म्हटलं की हमी शून्य. या शिडीच्या प्रत्येक पायरीला किंमत ढासळते. म्हणून विकणारा नेहमी वरच्या पायरीकडे बघतो, आणि वरच्या पायरीवर शंभर-दीडशे वर्षं ठरावीक पुरुषांचीच नावं होती. तेव्हा शंका आली की चित्र बाईकडून काढून पुरुषाकडे जाई. उलटा प्रवास क्वचित.

आता मात्र उलटा प्रवास सुरू झालाय, कारण बाईच्या नावालाही भाव आला. २०१९ च्या जानेवारीत व्हिजे ल ब्रँचं एक मोठं चित्र न्यूयॉर्कला सुमारे ७२ लाख डॉलरना गेलं. चित्रातला माणूस आपल्याकडचा आहे: म्हैसूरच्या टिपू सुलतानानं सोळाव्या लुईच्या दरबारी धाडलेल्या, १७८८ मध्ये तिथे पोहोचलेल्या वकिलांपैकी एक, मुहम्मद दरवेश खान. पांढरा पायघोळ अंगरखा, हातात तलवार. व्हिजे ल ब्रँ हे नाव कधीच पूर्ण विस्मरणात गेलं नव्हतं, पण त्या आकड्यानं बाजाराचे कान टवकारले. मग इतरजणींच्या नावांचा धांडोळा सुरू झाला. स्वस्तात उचला, दहा वर्षं थांबा, विका.

यावर माझं म्हणणं स्पष्ट आहे. बाईचं नाव परत लागतंय याचा मला आनंद आहे, कारण कुठलंही असो. पण ‘स्वस्तात उचला’ हे ज्या स्वस्ताईवर उभं आहे ती स्वस्ताई दोनशे वर्षांच्या अन्यायातून आलीये. त्या फरकातून नफा काढणाऱ्यानं निदान ज्यांच्या कष्टामुळे नाव परत लागलं त्या अभ्यासकांचं ऋण मानावं. नोटरीच्या दप्तरात डोळे फोडणाऱ्या बाईला लिलावाच्या हातोड्यातून दमडी मिळत नाही.

कायदा कुणाच्या बाजूला आहे तेही बघा. १९६८ मध्ये एका दांपत्यानं पॅरिसमध्ये घरातलं जुनं चित्र लिलावात काढलं. ‘कराच्ची घराण्याचं’ म्हणून ते २,२०० फ्रँकना गेलं. सरकारी संग्रहालयांनी आपला हक्क वापरून ते उचललं आणि काही काळातच लुव्रमध्ये ते थोर चित्रकार पुसँचं म्हणून झळकलं. दांपत्य कोर्टात गेलं. जवळजवळ दोन दशकं झगडलं आणि जिंकलं. विक्री रद्द, चित्र परत. ठीकच झालं. म्हणजे चुकीच्या नावानं विकणाऱ्याचे पैसे बुडाले तर दाद मागता येते. आणि चुकीच्या नावानं चित्रकर्तीचं अख्खं आयुष्य बुडालं तर? फ्रेंच कायद्यात कलावंताचा आपल्या नावावरचा हक्क अमर आहे, विकता येत नाही, टाकता येत नाही, वारसांकडे जातो. कागदावर सुंदर. पण १८२१ मध्ये गेलेल्या बाईच्या वतीनं उभं कोण राहणार? हक्क शाबूत, मागणारं माणूस नाही.

मघाशी संग्रहालयांच्या हक्काचं बोलले, तो मला फार आवडतो. फ्रान्समध्ये लिलावात हातोडा पडतो, घेणारा हसतो, आणि तेवढ्यात खोलीच्या कोपऱ्यातून एक माणूस उठून सरकारच्या नावानं तो सौदा आपल्याकडे घेतो. किंमत तीच, घेणारा बदलला. १९२१ च्या कायद्यापासून ही सोय आहे. पक्कं करायला पंधरा दिवस. खासगी संग्राहकांना याचा राग येतो. मला त्या क्षणी टाळी वाजवावीशी वाटते, कारण एक चित्र कायमचं भिंतीवर आलं, आणि शाळेतल्या मुलीला ते बघता येईल.

भिंतीवर न येणाऱ्या चित्रांची गोष्ट मारी ब्राकमोंची. जन्म १८४०, ब्रिटनी. औपचारिक शिक्षण जेमतेम. १८६९ मध्ये तिनं नामवंत खोदचित्रकार फेलिक्स ब्राकमोंशी लग्न केलं. इम्प्रेशनिस्टांच्या १८७९, १८८० आणि १८८६ च्या प्रदर्शनांत तिची चित्रं होती. मोने तिला गुरुस्थानी. सेव्ह्रच्या आपल्या घराच्या गच्चीवर, बागेत, बहीण लुईजला पांढऱ्या कपड्यांत बसवून ती रंगवायची. तो पांढरा एकदा जवळून बघा. त्यात निळं आहे, गुलाबी आहे, झाडाचं हिरवं आहे. दोन हात लांब गेलात की पुन्हा उन्हातलं पांढरं लुगडं वाळत घातल्यासारखं लख्ख. मला तिचा हा पांढरा मोनेच्या पांढऱ्याइतका खरा वाटतो, आणि हे मी तोलून लिहितेय.

नवऱ्याला ही नवी रीत पसंत नव्हती. मुलगा पियेर यानं लिहून ठेवलंय की बाप आईच्या यशावर कुढायचा, घरी आलेल्यांना तिची चित्रं दाखवायचा नाही. १८९० च्या सुमारास तिनं चित्रं काढणं जवळपास सोडलं. वय पन्नास. १८९४ मध्ये समीक्षक ग्युस्ताव्ह जफ्रुआनं इम्प्रेशनिझममधल्या तीन थोर स्त्रियांत तिचं नाव घेतलं: बेर्त मोरिझो, मेरी कसाट आणि मारी ब्राकमों. तोवर तिचा ब्रश खाली पडून चार वर्षं झाली होती. ती १९१६ मध्ये गेली, १९१९ मध्ये पॅरिसच्या बेर्नहाइम-झन गॅलरीत तिचं मोठं प्रदर्शन झालं, आणि त्यानंतर चित्रं घराघरांत पांगली. बरीचशी आज कुठे आहेत याचा पत्ता नाही.

मारी-गियमीन बन्वाचंही असंच. १८०० च्या प्रदर्शनात तिनं पांढऱ्या फेट्यातल्या एका कृष्णवर्णी स्त्रीचं चित्र लावलं, आज ते लुव्रच्या शिरपेचात आहे. १८१४ मध्ये नवऱ्याला सरकारात मोठं पद मिळालं आणि बायकोनं प्रदर्शनं बंद केली. आणि त्या चित्रातल्या स्त्रीचं नाव माद्लेन होतं, हे पाटीवर यायला २०१९ साल उजाडलं. रंगवणारीचं हात थांबवून नुकसान, बसणारीचं नाव गाळून.

तर संग्रह. पैसे असतील तर जरूर करावा. वॉशिंग्टनच्या विल्हेल्मिना हॉलडे यांनी १९६० च्या दशकात युरोपात क्लारा पेटर्स या चित्रकर्तीचं काम बघितलं, परत येऊन प्रमाण मानल्या जाणाऱ्या इतिहासग्रंथात नाव शोधलं, तर तिचंच काय, एकाही स्त्रीचं नाव नाही. त्यांनी स्त्रियांची चित्रं जमवायला सुरुवात केली आणि १९८७ मध्ये त्या संग्रहाचं संग्रहालय झालं. फ्रान्समध्ये मूजाँ या गावात ख्रिश्चन लेव्हेट या संग्राहकानं आपलं जुनं ग्रीक-रोमन संग्रहालय बंद करून २०२४ मध्ये त्याच इमारतीत फक्त स्त्रियांच्या कलाकृती मांडल्या. दोघांनीही दार उघडं ठेवलं, ही मला त्यांची खरी मिळकत वाटते. चित्र घ्यायचं, जिनिव्हाच्या करमुक्त गोदामात पेटीबंद ठेवायचं आणि भाव चढायची वाट बघायची, याला संग्रह म्हणायची माझी तयारी नाही. फेलिक्स ब्राकमोंनं तरी वेगळं काय केलं होतं? पाहुण्यांना चित्र दिसू दिलं नाही.

संग्राहकाकडून मला दोन गोष्टी हव्यात. अभ्यासकाला फोटो काढू द्या. आणि चित्राची मागची बाजू जपा. जुन्या कॅनव्हासला बळकटीसाठी मागून दुसरं कापड चिकटवायची पद्धत होती, त्यात मागची सही, तारीख, दुकानदाराचा शिक्का सगळं गडप होतं. लाकडी चौकट बदलली की प्रदर्शनाची जुनी चिठ्ठी केरात जाते. पुढचा रंग पुसायला कुणी धजत नाही, मागचा पुरावा मात्र झाडूवाल्याच्या हाती असतो.

पॅरिसच्या द्रुओ लिलावघरात विक्रीच्या आधी सगळा माल बघायला खुला असतो. तिकीट नाही, चौकशी नाही, कुणीही यावं. एका दुपारी मी तिथे होते. भिंतीला टेकवलेलं एक लहानसं चित्र: टेबल, फुलदाणी, अर्धवट सोललेलं संत्रं. यादीत फक्त ‘फ्रेंच घराणं, एकोणिसावं शतक’. सत्तरीच्या एक बाई तिथे थांबल्या. अंगावर साधा कोट, हातात नायलॉनची बाजाराची पिशवी. त्यांनी कामगाराला विनंती केली आणि त्यानं चित्र पालथं करून धरलं. बाईंनी पिशवीतून भिंग काढलं. मीही निलाजरेपणानं त्यांच्या खांद्यावरून डोकावले.

मागच्या लाकडी पट्टीवर एक पिवळी चिठ्ठी होती. शाई तांबूस पडलेली. एक आकडा, बहुधा कुठल्याशा प्रदर्शनातला अनुक्रमांक. खाली तिरप्या हस्ताक्षरात ‘मादाम’. आणि पुढे कागद फाटलेला.

बाईंनी भिंग बराच वेळ त्या फाटक्या कडेवर धरलं. एका अक्षराचा खालचा फाटा शिल्लक होता, तो त्यांनी मला बोटानं दाखवला. मग वही काढली. आकडा लिहिला, चौकटीची मापं लिहिली, कापड विकणाऱ्याचा शिक्का जसाच्या तसा चितारला. नव्या ओळीवर ‘मादाम’ लिहिलं, तो फाटा काढला आणि बाकीची ओळ मोकळी ठेवली. कामगार चित्र धरून अवघडला होता. त्यांनी त्याचे आभार मानले, वही पिशवीत टाकली आणि पुढच्या चित्रापाशी जाऊन तेही पालथं करायला सांगितलं.